वरच्या गणिताची वाट
(बेळ्ळंदूर, बंगळूर येथे मराठी पालक व विद्यार्थी यांच्यासमोर दिलेले व्याख्यान)



दहावीच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या मुलाला घरोघर एक प्रश्न विचारला जातो, आणि त्याचे उत्तर पुष्कळदा विचारणारेच देऊन टाकतात. तो प्रश्न असा : पुढे गणित कोणते घ्यावयाचे? एके काळी हा प्रश्न याहून सोपा होता. गणित घ्यावयाचे की सोडावयाचे, एवढाच निर्णय करावयाचा असे. आता गणितातच निरनिराळ्या वाटा फुटल्या आहेत, आणि पंधरा वर्षांच्या मुलाने किंवा मुलीने त्यांतील एक निवडावी अशी अपेक्षा असते. या वाटा कोठे जातात, त्यांतील आपली कोणती हे कसे ओळखावे आणि तीवर पाऊल टाकण्यापूर्वी कोणती शिदोरी बांधावी, या तीन गोष्टींचा विचार आज आपण करू.

मी गणिताची अध्यापिका नाही. मी मराठी साहित्याची विद्यार्थिनी आणि व्यवसायाने अनुवादक आहे. परंतु शास्त्रीय पुस्तके एका भाषेतून दुसऱ्या भाषेत आणताना एखादी गोष्ट 'समजणे' म्हणजे नेमके काय, या प्रश्नाशी अनुवादकाची रोज गाठ पडते. आणि आजच्या विषयाचे मर्मही, माझ्या समजुतीप्रमाणे, त्याच प्रश्नात आहे.

प्रथम वाटांचा नकाशा पाहू. बेळ्ळंदूर आणि सर्जापूर रस्त्याच्या परिसरात एकाच इमारतीतील चार मुले चार वेगवेगळ्या मंडळांच्या शाळांत जाताना दिसतात. म्हणून शेजारच्या मुलाचा निर्णय आपल्या घरात जसाच्या तसा लागू पडत नाही.

कर्नाटकाच्या पदवीपूर्व अभ्यासक्रमात, म्हणजे पीयूसीत, विज्ञान शाखेचा विद्यार्थी भौतिकी, रसायन व गणित यांच्या जोडीला जीवशास्त्र किंवा संगणकशास्त्र घेतो. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यास 'बेसिक मॅथ्स' नावाचा निराळा विषय उपलब्ध असतो. केंद्रीय मंडळाने, म्हणजे सीबीएसईने, २०१९-२० या शैक्षणिक वर्षापासून दहावीच्या गणिताचे 'स्टँडर्ड' आणि 'बेसिक' असे दोन स्तर केले. त्या योजनेत दोहोंचा अभ्यासक्रम एकच होता. फरक होता तो प्रश्नपत्रिकेच्या काठिण्यात. त्यानंतर २०२०-२१ पासून अकरावी-बारावीस नेहमीच्या गणिताखेरीज 'अप्लाइड मॅथेमॅटिक्स' हा विषय सुरू झाला. वाणिज्य व सामाजिक शास्त्रे यांकडे जाणाऱ्या विद्यार्थ्यांना उपयोगी पडेल असे गणित देणे, हा त्यामागचा हेतू. बेसिक स्तरावरून अकरावीच्या नेहमीच्या गणिताकडे कोणास जाता येईल, यासंबंधीचे नियम करोनाच्या साथीपासून वरचेवर बदलत आले आहेत. ऐकीव माहितीवर विसंबून न राहता, ज्या वर्षी प्रवेश घ्यावयाचा त्या वर्षीचे परिपत्रक शाळेकडून मागून वाचावे.

आयएससीच्या बारावीच्या गणितात एक विभाग सर्वांना सक्तीचा असतो आणि उरलेल्या दोहोंपैकी एक निवडावा लागतो. एका विभागात सदिश आणि त्रिमितीय भूमिती आहे. दुसऱ्यात अर्थव्यवहारातील कलनाचा उपयोग आणि रेषीय नियोजन यांसारखे विषय आहेत. केंब्रिज मंडळाच्या ए-लेव्हलला विद्यार्थी चार घटक देतो. 'प्युअर'चे पहिला व तिसरा हे दोन घटक पूर्ण ए-लेव्हल करणाऱ्या प्रत्येकाला द्यावे लागतात. त्यांच्या जोडीला कोणी यामिकी आणि संभाव्यता-संख्याशास्त्राचा पहिला घटक घेतो, तर कोणी संभाव्यता-संख्याशास्त्राचेच दोन्ही घटक घेतो. ज्यांची भूक त्यानेही भागत नाही त्यांच्यासाठी 'फर्दर मॅथेमॅटिक्स' हा स्वतंत्र विषय आहे. आयबी अभ्यासक्रमाने २०१९ पासून 'अ‍ॅनालिसिस अँड अ‍ॅप्रोचेस' आणि 'अ‍ॅप्लिकेशन्स अँड इंटरप्रिटेशन' असे दोन विषय केले असून प्रत्येकाच्या स्टँडर्ड व हायर अशा दोन पातळ्या आहेत. स्टँडर्डला १५० तासांचे अध्यापन गृहीत धरले आहे, हायरला २४० तासांचे.

नावे पुष्कळ आहेत. पण त्यांच्या मुळाशी दोनच प्रवृत्ती आहेत. एक प्रवृत्ती गणिताकडे रचना म्हणून पाहते : हे असे का असते आणि ते नेहमीच तसे असेल हे कशावरून? दुसरी त्याच्याकडे साधन म्हणून पाहते : समोरच्या परिस्थितीविषयी या आकड्यांवरून काय सांगता येईल? या वस्तीतील तलावाचेच उदाहरण घ्या. फेब्रुवारी २०१७ आणि जानेवारी २०१८ मध्ये बेळ्ळंदूर तलावाच्या परिसरात आगी लागल्या, तेव्हा त्यांची चित्रे देशभर पाहिली गेली. तलावात रोज येऊन मिळणारे सांडपाणी, बाहेर जाणारे पाणी आणि तळाशी साचत गेलेला गाळ यांचा हिशेब ठेवणे हे साधनरूप गणित होय. 'प्रदूषण घटले' आणि 'प्रदूषण वाढण्याचा वेग घटला' ही दोन वाक्ये सारखी भासली तरी त्यांचे अर्थ भिन्न आहेत, हे ज्यास कळते त्याला कलनशास्त्राचा गाभा कळला असे म्हणता येईल. याउलट, 'वेग' या कल्पनेलाच निर्दोष व्याख्या कशी द्यावी, या प्रश्नाने ज्याची झोप उडते तो पहिल्या प्रवृत्तीचा. यांतील एक उच्च आणि दुसरी नीच असे नाही. मात्र ज्या मुलास यांतील एक मनापासून आवडते त्याला दुसरीत दोन वर्षे कोंडून ठेवणे अन्यायाचे आहे.

आता या वाटा कोणत्या दारांशी जातात ते पाहू. अभियांत्रिकीच्या जेईई परीक्षेत गणित आहे. कर्नाटकाच्या सीईटीमध्ये भौतिकी, रसायन व गणित या प्रत्येकाचे साठ गुण असून, राज्यातील अभियांत्रिकीच्या गुणवत्ता यादीत सीईटीचे गुण आणि बारावीचे गुण निम्मेनिम्मे धरले जातात. वास्तुशास्त्रासाठी बारावीला गणित लागते. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या प्रवेशपरीक्षेत गणिताची ३०० गुणांची स्वतंत्र प्रश्नपत्रिका असते. दिल्ली विद्यापीठात अर्थशास्त्राची ऑनर्स पदवी घ्यावयाची तरी गणित लागते, ही गोष्ट कलाशाखेकडे निघालेल्या अनेकांना फार उशिरा कळते. आपल्याच शहरात, म्हैसूर रस्त्यावर, भारतीय सांख्यिकी संस्थेचे केंद्र आहे आणि तेथे गणिताची पदवी घेता येते. तिची प्रवेशपरीक्षा घोकलेल्या रीतींपेक्षा विचाराची पारख करते. परदेशांतील अनेक विद्यापीठे अभियांत्रिकी व गणित या विषयांसाठी आयबीच्या 'अ‍ॅनालिसिस'च्या हायर पातळीचा आग्रह धरतात.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. वैद्यकाच्या नीट परीक्षेत गणित नाही. कायद्याच्या क्लॅट परीक्षेतील गणित दहावीच्या पातळीचे असते. सनदी लेखापाल होण्यास बारावीचे गणित अनिवार्य नाही. इतिहास, भाषा, अभिकल्प यांच्या दारांवर गणिताचा पहारा नाही. तेव्हा 'गणित सोडले म्हणजे सगळे संपले' ही समजूत चुकीची आहे. आणि 'असू द्या, पुढे उपयोगी पडेल' एवढ्या एकाच कारणासाठी मुलाच्या आयुष्यातील दोन वर्षे वेठीस धरणेही बरोबर नाही. दारे मोजावीत, पण ज्या दारातून जाण्याची मुलाला काडीमात्र इच्छा नाही ते त्या मोजणीत धरू नये.

मग निवड कशाच्या आधारे करावी? बहुतेक घरांत ती गुणांवरून होते. गुण हा पुरावा आहे, पण अपुरा. शंभरात पंचाण्णव गुण मिळविणारे मूल ओळखीच्या प्रश्नांची ओळखीची उत्तरे वेगाने लिहिणारे असू शकते, आणि पंचाहत्तर गुणांचे मूल एकाच प्रश्नात रमल्याने बाकीचे सोडून आलेले असू शकते. वरच्या गणितात अडणे हा रोजचा प्रसंग आहे. म्हणून मुलाचे पाऊल अडते तेव्हा ते काय करते, हे पाहावे.

याची एक कसोटी घरच्या घरी घेता येते आणि ती महाराष्ट्रातील एका शाळामास्तरांनी आपल्या हाती दिली आहे. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) हे नाशिकजवळच्या देवळालीला शिक्षक होते. १९४९ मध्ये त्यांनी एक गोष्ट गणितज्ञांपुढे मांडली. कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. मात्र तिचे सर्व अंक सारखे नसावेत. तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडून मोठी संख्या करावी, चढत्या क्रमाने मांडून लहान संख्या करावी आणि वजाबाकी करावी. आलेल्या उत्तरावर पुन्हा हेच करावे. वजाबाकी तीन अंकी आली तर पुढे शून्य मांडून ती चार अंकी करून घ्यावी. ३५२४ घेतल्यास ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. यापुढे कितीही वेळा केले तरी ६१७४ च येत राहते. कोठूनही आरंभ करा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत आपण तेथेच येऊन पोचतो.

हे मुलाला करून दाखवावे आणि गप्प बसावे. काही मुले दोनतीन संख्या करून 'गंमत आहे' म्हणतील आणि उठतील. काही मुले वहीचे पान भरून निरनिराळ्या संख्या तपासतील, पायऱ्या मोजतील, तक्ता करतील. आणि एखादे मूल विचारील, 'पण असे का होते?' त्याला एवढेच सांगावे की प्रत्येक वजाबाकी नऊने भागली जाते, ते का हे आधी शोध. त्याचे उत्तर शालेय बीजगणितातच आहे. अंक उतरत्या क्रमाने अ, ब, क, ड असतील तर वजाबाकी ९९९ गुणिले (अ – ड) अधिक ९० गुणिले (ब – क) इतकी होते, आणि ९९९ व ९० या दोन्ही संख्या नऊच्या पटीत आहेत. जे मूल अर्धा तास झगडून येथवर पोचते, किंवा न पोचताही दुसऱ्या दिवशी सकाळी आपण होऊन त्याच पानाकडे परत येते, त्याच्यासाठी वरचे गणित आहे, मग त्याचे गुण काहीही असोत. तक्ता करण्यात रमलेल्या मुलास संख्याशास्त्राची वाट कदाचित अधिक मानवेल. आणि उठून गेलेल्या मुलाचे मन दुसऱ्या कोठे तरी आहे. ते कोठे आहे हे शोधणे हेच आपले काम. एका संध्याकाळच्या खेळावरून निकाल लावू नये हे खरे. परंतु अशा आठदहा संध्याकाळी जे सांगतील ते एखादी गुणपत्रिका सांगणार नाही.

आता तयारीविषयी. दहावीची परीक्षा संपल्यापासून अकरावीचे वर्ग सुरू होईपर्यंत जे आठवडे मिळतात त्यांत अकरावीचा अभ्यासक्रम 'एकदा वरवर उरकून घ्यावा' अशी प्रथा पडली आहे. मला ती उलट्या दिशेची वाटते. अकरावीत नव्या कल्पना थोड्या असतात. जुन्या गोष्टी मात्र फार जलद आणि बिनचूक याव्या लागतात. क्ष या राशीच्या घनाचे अवकलन मूळ व्याख्येवरून काढावयाचे म्हटले, तर (क्ष + ह) चा घन विस्तारावा लागतो, त्यातून क्ष चा घन वजा करावा लागतो आणि बाकीला ह ने भागावे लागते. उरते ते ३क्ष² + ३क्षह + ह². यापुढची 'ह शून्याकडे सरकत जातो' एवढीच कल्पना नवी. बाकी सर्व नववीचे. पण जो विद्यार्थी घनाच्या विस्ताराशीच अडखळतो त्याला ती नवी कल्पना दिसतच नाही, आणि 'कलन अवघड आहे' असा ग्रह होऊन बसतो. अवघड कलन नसते. पायाखालची जमीन भुसभुशीत असते.

या म्हणण्याला एका फार मोठ्या गणितज्ञाचा आधार आहे. श्रीराम अभ्यंकर (१९३०–२०१२) हे बैजिक भूमितीतील जगन्मान्य नाव. १९७६ मध्ये त्यांनी पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान स्थापन केले, आणि त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या निबंधात शाळेतील बीजगणिताची बाजू मांडली. आधुनिक, अमूर्त बीजगणिताच्या वैभवाच्या काळात शाळेत शिकविल्या जाणाऱ्या साध्या बीजगणिताची रीतच किती समर्थ आहे, हे त्यांनी आग्रहाने सांगितले. शिखरावर पोचलेला माणूस पायथ्याची थोरवी सांगतो, तेव्हा पायथ्याशी असणाऱ्यांनी ते ऐकावे.

म्हणून त्या आठवड्यांत करावयाच्या गोष्टी मोजक्या आहेत. अवयव पाडणे, घातांक, अपूर्णांकरूप राशी आणि पूर्ण वर्ग करणे यांत हात बसवावा. क्ष चा वर्ग, १ भागिले क्ष, क्ष चे केवलमूल्य अशा आठदहा राशींचे आलेख तक्ता न करता, नुसत्या विचाराने काढावयास शिकावे. मग वर्गाचा आलेख दोन घरे उजवीकडे सरकवावयाचा तर समीकरणात काय बदलते, हे स्वतःला विचारावे. त्रिकोणमितीची नित्यसमीकरणे पाठ असावीत, पण ती सिद्धही करता यावीत. संच आणि लॉगरिदम यांची ओळख करून घ्यावी, कारण लॉगरिदम पुष्कळांच्या वाट्याला दहावीपर्यंत येतच नाही. शेवटी, दोनाचे वर्गमूळ अपरिमेय का, यासारखी एखादी सिद्धता पुस्तक मिटून पूर्ण वाक्यांत लिहून काढावी. रोज पाऊण तास पुरे. त्यातही एक प्रश्न असा असावा की जो त्या दिवशी सुटणार नाही.

अशा न सुटणाऱ्या प्रश्नाचे महत्त्व जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांच्या आठवणींत उत्तम दिसते. बनारसच्या त्यांच्या घरात फळा होता. त्यांच्याकडे राहावयास आलेले मोरूमामा, म्हणजे मोरेश्वर हुजूरबाजार, त्यावर भाच्याला आव्हान म्हणून एखादा प्रश्न लिहून ठेवीत, आणि तो सुटेपर्यंत किंवा जयंतराव हार मानीपर्यंत फळ्यावर तसाच राही. मामांनी या रीतीने भाच्याच्या मनाला प्रश्न उघडा ठेवून वावरण्याची सवय लावली. आजच्या सदनिकेत फळ्यास जागा नसेल, पण शीतकपाटाच्या दारावर एक कागद चिकटविता येतो. ज्यांना याहून पुढे जावयाचे आहे त्यांच्यासाठी गणित ऑलिंपियाडच्या परीक्षा आहेत; मुंबईचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र त्यांचे काम पाहते. १९८९ मध्ये भारताचा संघ प्रथम आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरला आणि १९९६ मध्ये ती स्पर्धा मुंबईत भरली. या परीक्षांचे जुने प्रश्न, परीक्षेस न बसताही, मनाच्या व्यायामासाठी उपयोगी आहेत.

आता पालकांकडे वळते. आपल्यापैकी अनेकांचे शिक्षण मराठी माध्यमात झाले आणि मुले इंग्रजीत शिकतात. 'आम्हाला त्यांचे शब्दच कळत नाहीत, मग मदत काय करणार?' असे आपण म्हणतो. अनुवादकाच्या अनुभवावरून सांगते : न कळणारा ऐकणारा हीच समजुतीची खरी कसोटी असते. वाक्याचे शब्द कळले म्हणजे अर्थ कळला असे होत नाही. ते दुसऱ्या भाषेत सांगू लागले की कोठे अंधार आहे ते लगेच दिसते. मुलाला म्हणावे, 'फंक्शन म्हणजे काय ते मला मराठीत सांग.' ते म्हणेल, 'एक सूत्र असते.' विचारावे, 'सूत्र नसेल तर फंक्शन नसते का? आपल्या इमारतीतील प्रत्येक घराला त्याचा एकच क्रमांक असतो, हे फंक्शन नव्हे काय?' येथून खरे बोलणे सुरू होते. त्यासाठी 'फलन' हा शब्द ठाऊक असण्याची गरज नाही. मुलाने घरच्या भाषेत, आजीला पटेल असे सांगितले, की ती कल्पना त्याची झाली.

भाषा आणि गणित यांचे नाते किती जवळचे आहे हे महाराष्ट्राने २०१९ मध्ये अनुभवले. दुसरीच्या पाठ्यपुस्तकात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' असे संख्यावाचन आले तेव्हा मोठा वाद झाला. त्या बदलाची बाजू समजावून सांगणाऱ्या मंगला नारळीकर (१९४३–२०२३) स्वतः गणितज्ञ होत्या, आणि 'गणितगप्पा'सारख्या पुस्तकांतून त्यांनी मराठी मुलांशी गणिताच्या गोष्टी केल्या. त्या बदलाविषयी मतभेद असू शकतील. पण आकडा लिहिताना दिसणारा क्रम आणि बोलताना येणारा क्रम यांतील अंतर मुलाला अडवू शकते, हा प्रश्न भाषेचा म्हणून सोडून देता येत नाही. तो गणिताचाही आहे. त्यांच्या उदाहरणातून आणखी एक गोष्ट घ्यावी. 'मुलीला एवढे गणित कशाला?' हे वाक्य आता उघडपणे फारसे ऐकू येत नाही. परंतु मुलगी अडली की 'सोडून दे' आणि मुलगा अडला की 'शिकवणी लावू', असे म्हणणारी घरे अजून आहेत. दोघांनाही अडण्याचा आणि अडून राहण्याचा सारखाच वेळ मिळाला पाहिजे.

शेवटी वेळेविषयी थोडे. निवड करून झाल्यावर पहिल्या दोन-तीन महिन्यांत गुण घसरले तर घाबरू नये. नवी भाषा शिकताना बोलणे काही काळ अडखळतेच. मात्र अर्धे वर्ष उलटल्यावरही मूल वही उघडताना आक्रसत असेल, प्रश्नाकडे परत जाण्याची ओढ उरली नसेल, तर पातळी किंवा विषय बदलण्याची मुदत कधीपर्यंत आहे ते शाळेत विचारावे, आणि मुदत असेल तर ती वापरावी. वाट बदलणे म्हणजे हरणे नव्हे. आणि जे मूल कमी गुण घेऊनही त्याच पानाशी पुनःपुन्हा परत येते, त्याला कोणाच्या भीतीपायी त्या वाटेवरून ओढून आणू नये.

पंधराव्या वर्षी आयुष्याचा निर्णय होत नाही. होतो तो एवढाच, की पुढील दोन वर्षे कोणत्या प्रकारच्या अडचणींच्या सोबतीत घालवावयाची. ती सोबत मुलाने स्वतः, डोळे उघडे ठेवून निवडावी. आपण त्याला नकाशा द्यावा, शिदोरी द्यावी, आणि मोरूमामांप्रमाणे फळ्यावर प्रश्न लिहून बाजूला व्हावे.